पहिली ८८ पाकिटं: नवा माल काढताना भीतीचं काय करायचं

वेंगुर्ला रस्त्याने तुरमुरी आणि बाची मागे पडली की शिनोळी लागते आणि तिथून महाराष्ट्र. त्याच्या अलीकडच्या शेवटच्या गावांपैकी एकात आमची अडीच एकर लाल माती आहे. भात आणि रताळी, हीच आमची पिकं. पावसाच्या तोंडाला वेल लावायचे, नवरात्रापासून काढणी धरायची, पोती भरून बेळगावच्या मार्केट यार्डात न्यायची. तिथून आमची रताळी ट्रकांनी पार दिल्लीपर्यंत जातात. २०२१ च्या दिवाळीनंतर आवक एकदम वाढली. माझ्या हातात जी पट्टी, म्हणजे अडत्याचं विक्रीबिल, आली, तिच्यातून हमाली आणि गाडीभाडं वजा केल्यावर पुढच्या वर्षीच्या लावणीचाही खर्च निघेना. घरी अजून दोन पोती होती. ती मी मार्केटला पाठवलीच नाहीत. धुतली, सोलली, काप केले, वाळवले, दळून आणले. सासूबाई उपवासासाठी हे पीठ वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. ते विकायचं, एवढंच माझ्या डोक्यात नवीन आलं.

पण विकायला मी घराबाहेर पडले ती अडीच महिन्यांनी. पीठ तयार होतं, डबे भरलेले होते, बेळगावला रोज बस होती. अडवणारं कुणीच नव्हतं, आणि तरी पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

आता आमच्या भागातल्या स्त्रीशक्ती संघांतल्या, म्हणजे बचत गटांतल्या, बायका माझ्याकडे येतात. कुणाची नाचणीची बिस्किटं असतात, कुणाचं आमसुलाचं सरबत, खानापूरकडच्या एकीने काजू घालून इतकी सुरेख चटणी केली होती की मी दोनदा मागून घेतली. माल चांगला असतो आणि वर्ष-दीड वर्ष घरच्या डब्यातच राहतो. त्या बायकांसाठी हे लिहितेय, माझ्याकडून झालेल्या चुकांसकट.

वहीत दोन रकाने

भीती वाटते असं नुसतं म्हणत राहिलं तर तिचं काही करता येत नाही. मी पोराची अर्धी कोरी वही घेतली. डावीकडे लिहिलं, कशाची भीती वाटते. उजवीकडे लिहिलं, हे खरं ठरलं तर किती रुपये जातील.

कुणी घेणार नाही: ३,२०० रुपये, म्हणजे सगळ्या मालाचा खर्च. पिठाला कीड लागेल: तेवढेच. दुकानदार पैसे बुडवेल: दिलेल्या पाकिटांचे जातील तेवढे. अधिकारी येऊन दंड करतील: माहीत नाही. पाकिटावर भाषा चुकेल: माहीत नाही. गल्लीतल्या बायका आणि जावा हसतील: इथे मला आकडाच सुचला नाही.

तो रकाना रिकामा राहिला तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसले. आम्ही दरवर्षी नांगरट, शेणखत, वेल, खुरपणी आणि काढणी धरून ३,२०० च्या कितीतरी पट पैसा मातीत घालतो. भाव काय मिळेल हे आमच्यात एकालाही ठाऊक नसतं. तरी जून महिन्यात त्या विचाराने माझी झोप कधी उडाली नाही. पीक गेलं तर लोक म्हणतात पाऊस गेला, भाव पडला. पाकीट परत आलं तर त्यावर माझं नाव छापलेलं असतं. मी इतके दिवस ज्याला पैशाची भीती समजत होते, ती बहुतेक सगळी या रिकाम्या रकान्यात बसली होती.

वही झाली की तीन प्रकार आपोआप वेगळे पडतात. ज्याच्यापुढे आकडा आहे, तो आकडा लहान करायचा. हजार पाकिटांऐवजी ८८ करा, मग बुडाले तरी ३,२०० च बुडतील. ज्याच्यापुढे ‘माहीत नाही’ आहे, ते त्याच आठवड्यात जाऊन कुणाला तरी विचारायचं, रात्री अंथरुणात त्याचा विचार करायचा नाही. आणि ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्याला वळसा घालून जायची वाट शोधायची. ती वाट मला शनिवारच्या बाजारात सापडली, ते पुढे सांगते.

हिशेब झाल्याशिवाय किंमत सांगू नका

रताळ्यात बरंच पाणी असतं. साल, मुळ्या, किडके तुकडे बाजूला काढले आणि काप कडकडीत वाळवले, तेव्हा माझ्या १०० किलोंतून पीठ निघालं २२ किलो. पाव किलोची ८८ पाकिटं. खर्च असा झाला: रताळी बाजारभावाने १,२०० रुपये, तीन दिवसांची मजुरी ९००, दळण २२०, जळण १५०, पाकीट आणि लेबल मिळून ५२८, जाण्यायेण्याचे २००. बेरीज ३,१९८. पाकिटामागे सुमारे ३६ रुपये.

यातल्या दोन ओळी मी आधी लिहिल्याच नव्हत्या. रताळी घरची, त्याचे कसले पैसे? सोलणारी मी आणि सासूबाई, घरच्याच बायकांची कसली मजुरी? म्हणून किंमत ठेवली ४० रुपये, आणि मला ती महाग वाटत होती. दुकानदार २० टक्के कापून घेतो. ४० मधले ८ गेले की हातात ३२. म्हणजे प्रत्येक पाकिटाला मीच चार रुपये जोडून देत होते. नवऱ्याने, तो उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आहे, त्याने हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांच्याकडे कास्टिंगचा दर काढताना वाळूचासुद्धा हिशेब होतो. मग किंमत ७० केली. दुकानदाराचे १४ गेले तरी ५६ येतात, आणि पुढच्या खेपेची रताळी रोखीने घेता येतात.

किंमत सांगताना आवाज खाली जातो, हा अनुभव सगळ्यांना येतो. मला त्यावर एकच उपाय लागू पडला: हिशेबाचा तो कागद पिशवीत ठेवायचा. गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, पण आपल्याला तो तिथे आहे हे माहीत असतं.

दळणाबद्दल एक गोष्ट. गावच्या गिरणीत दिवसभर गहू आणि जोंधळा चालतो. उपवासाच्या पिठात त्यातलं काही मिसळलं तर ज्या बाईने विश्वासाने घेतलं तिचा उपवास मोडला. मी सकाळी गिरणी झाडून घ्यायला लावायची, माझं पहिलं किलोभर पीठ बाजूला काढून ते घरी वापरायची, आणि मगच पुढचं भरायची. तो किलोभर तोटाही हिशेबात धरा. पुढे मी घरघंटी घेतली ती याच कारणाने.

पहिलं गिऱ्हाईक अनोळखी असू दे

सगळे सांगतात, आधी नातेवाइकांना द्या, ओळखीत विका. माझं मत उलटं आहे. ओळखीची माणसं एक तर फुकट घेतात, नाही तर भिडेने घेतात, आणि दोन्ही वेळेला ‘छान झालंय’ म्हणतात. शिवाय हसण्याची भीती ज्यांची वाटते ती हीच माणसं. आमच्या मोठ्या जावेने तर दारातच विचारलं होतं, “रताळ्याचं पीठ कोण इकत घेतंय गं? गावभर रताळीच पडल्यात की!” तिच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. आमच्या गावात ते कुणी विकत घेणार नव्हतंच. माझं गिऱ्हाईक दुसरीकडे होतं.

महाशिवरात्र १ मार्च २०२२ ला होती. त्याच्या आधीच्या दोन शनिवारी मी बेळगावच्या बाजारात गेले. आमच्या गावची एक मावशी तिथे भाजी घेऊन बसते. तिच्या शेजारी पोतं अंथरून बसायला तिने मला जागा दिली. बरोबर २० पाकिटं आणि एका डब्यात उपवासाच्या थालीपिठाचे तुकडे. पहिला तासभर मी कुणाला हाकच मारली नाही. मावशीच म्हणाली, “अगं, तोंड उघड की! मुकी भाजी बी कोण घेत न्हाई.”

पहिलं पाकीट घेतलं ते बैलहोंगलकडच्या एका बाईने. तिने पाकीट हातात फिरवलं आणि विचारलं, “इदराग एन माडतारी?” म्हणजे याचं करतात काय? माझं कन्नड बाजारापुरतं. मी थालीपिठाचा तुकडा पुढे केला. तिने खाल्ला, मान हलवली आणि ७० रुपये दिले. घासाघीस नाही. त्या दिवशी सात पाकिटं गेली. पुढच्या शनिवारी नऊ गेली, आणि त्यात दोघीजणी आधीच्या शनिवारच्या होत्या. त्यातली एक तीच. तिने घरी त्या पिठाचं थालीपीठ केलंच नव्हतं. गुळात शिजवून त्याचं सारण केलं होतं. “होळगी चलो आगतावरी,” म्हणजे पोळ्या छान होतात, असं तिने सांगितलं. आमच्याकडे रताळ्याच्या गोड पोळ्या होतात, पण पिठाच्या करता येतील हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या लेबलवर मी दोन ओळी वाढवल्या: थालीपीठ, आणि गोड पोळीचं सारण.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला ‘कसं झालं?’ असं विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘काय केलंत त्याचं?’ असं विचारते. ज्याने खरंच वापरलं तो सविस्तर सांगतो. ज्याचं पाकीट अजून फोडलेलं नाही तो घुटमळतो. वहीत परत आलेल्या गिऱ्हाइकापुढे लाल टिंब करायची सवय लावून घ्या. किती पाकिटं गेली यापेक्षा किती टिंबं झाली हे मला जास्त खरं वाटतं. २० पाकिटांत दोन टिंबं दिसली आणि मी पुढच्या १०० किलो रताळ्यांना हात घातला.

पाकिटावर कुठली भाषा

आमच्या भागात हा प्रश्न मनाला लागतो, म्हणून त्यावर स्पष्ट लिहिते. माझी भाषा मराठी आहे. घरात, शेतात, देवळात, दिंडीत मी तीच बोलते आणि तिच्याबद्दल माझ्या मनात काहीही कमीपणा नाही. पण पाकिटावर फक्त मराठी छापलं तर बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीच्या माणसाला आत काय आहे ते कळत नाही. फक्त कन्नड छापलं तर आमच्याच गल्लीतली म्हातारी ते वाचू शकत नाही. दोन्ही बाजूंनी कुणी तरी काही तरी बोलेल, या भीतीने मी दोन आठवडे लेबल छापायला दिलं नव्हतं.

विचारल्यावर कळलं की वजन, किंमत, तारीख असला कायद्याने लागणारा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, आणि त्याच्या जोडीला आणखी भाषा घालायला मुभा आहे. मी बारीक मजकूर इंग्रजीत घेतला. वर मोठ्या अक्षरात ‘रताळ्याचं पीठ’ मराठीत आणि ‘गेणसिन हिट्टू’ कन्नड लिपीत, दोन्ही एका मापात. कन्नड ओळ मी बाजारातल्या एका ओळखीच्या शिक्षिकेकडून तपासून घेतली. दुसऱ्याची भाषा छापायची तर ती शुद्ध असली पाहिजे, नाही तर तो मान होत नाही. आजपर्यंत त्या पाकिटावरून माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. शिवरात्रीचा उपवास तिकडेही आहे आणि इकडेही, एकादशीला विठ्ठल दोघांचाही.

लेबलं पहिल्यांदा शंभर-दोनशेच छापा. मी स्वस्त पडतात म्हणून ५०० छापली आणि निव्वळ वजनाची अक्षरं फार बारीक निघाली. ४०० फेकावी लागली.

कागद

ही भीती सगळ्यांत लवकर जाते, कारण यातलं बहुतेक विचारून समजतं. मी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी काढली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला ती पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. अर्ज ऑनलाइन होतो, फोटो आणि ओळखपत्र लागतं. मिळणारा १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा. घरून विकत असलात तरी ही नोंदणी लागते, आणि ती पहिलं पाकीट विकायच्या आधी काढायची. त्याशिवाय पाकिटावर हवं ते असं: घटक, निव्वळ वजन, सगळ्या करांसह कमाल किंमत, एका ग्रॅमचा दर (७० रुपयांना २५० ग्रॅम म्हणजे २८ पैसे), भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं टिंब. पाकीटबंद माल भरणाऱ्याला वजनमापे खात्याकडेही नोंदणी करावी लागते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. माल भरायला लागल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा. तराजूवर त्याच खात्याचा चालू शिक्का असू द्या.

कर्जाबद्दल विचाराल तर, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली पीएमएफएमई योजना आणली. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान कर्जाला जोडून ठेवलं होतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यासाठी तिच्यात ठरवलेलं उत्पादन गूळ होतं. योजना चांगली. पण लाल टिंबं दिसायच्या आधी कर्ज काढू नका. हप्त्याची भीती बाकीच्या सगळ्या भीतींवर बसते आणि मग माणूस घाईने चुकीचा माल काढतो.

आषाढीचा माल

आता जे घडू नये म्हणून आपण भितो, ते घडल्यावर काय करायचं.

शिवरात्रीचा माल जवळजवळ संपला, हुरूप आला, आणि मी आषाढीसाठी १२० पाकिटं करायचं ठरवलं. आषाढी एकादशी १० जुलै २०२२ ला होती. काप आधीच वाळवून पोत्यात भरून ठेवले होते. दळले जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आमच्या पश्चिम भागात तेव्हा पाऊस कसा असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. भिंती ओल्या, मीठ ओलं, अंथरूण दमट. काप हाताला वाळलेले लागत होते. मी पाच दुकानांत पाकिटं टाकली.

८ जुलैला संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीतून एका बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. “ताई, पिठाला कुबट वास येतोय. परवा एकादशी आहे, म्हणून म्हटलं सांगावं.”

त्या रात्री मी घरातलं शिल्लक पाकीट फोडलं. वास होता. थोडासाच, पण होता. मला वाटलं आता हे सगळं बंद करावं. सासूबाईंनी पाकीट नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, “सकाळच्या बशीनं जा, आन् सगळं गोळा करून घेऊन ये. एकादशीच्या आत.”

पहाटेच्या बसने गेले. वाटेतच पाचही दुकानदारांना स्वतः फोन केले आणि माल विकू नका असं सांगितलं. त्या बाईंच्या घरी जाऊन ७० रुपये परत दिले. ७१ पाकिटं परत मिळाली, बाकीची विकली गेली होती. ज्यांची नावं दुकानदारांना आठवत होती, त्यांना निरोप धाडले. पैसे मागायला नऊ जण आले, नवांनाही दिले. एकूण पाच हजारांच्या वर गेले. पाकिटांवर बॅच नंबर होता म्हणून कुठला माल उचलायचा हे तरी सांगता आलं. नंबर नसता तर शिवरात्रीच्या मालातली जी दोन-चार चांगली पाकिटं दुकानांत होती, त्यांच्यावरही संशय आला असता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर करायचं ते असं. फोन करणाऱ्याशी वाद घालू नका, ‘तुम्हीच उघडं ठेवलं असेल’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. त्याच दिवशी माल थांबवा. त्या बॅचमधलं जे चांगलं वाटतंय तेही परत घ्या. दुकानदाराला बातमी तुमच्याकडून कळली पाहिजे, गिऱ्हाइकाकडून नव्हे. आणि कारण सापडेपर्यंत एकही नवं पाकीट भरू नका, मग सण का जाईना.

कारण शोधायला मला दोन महिने लागले. शिल्लक कापांपैकी मूठभर काचेच्या कोरड्या बरणीत घातले, झाकण घट्ट लावलं आणि उघडीप मिळाली त्या दिवशी बरणी उन्हात ठेवली. तासाभरात काचेला आतून बाष्प धरलं. काप हाताला कोरडे होते, पण साठवणीत त्यांनी हवेतला दमटपणा ओढून घेतला होता. मग पद्धतच बदलली. काप दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड करायचे नाहीत. चिरले की लगेच मिठाच्या पाण्यात टाकायचे, मग दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, म्हणजे काळे पडत नाहीत. वर पातळ कापड घालून उन्हात वाळवायचे. वाकवल्यावर काप कडकन मोडला पाहिजे, लवला तर परत उन्हात. प्रत्येक पोत्याची बरणीत परीक्षा. आणि आषाढीचा माल मृग लागायच्या आत दळून, जाड पाकिटात बंद करून ठेवायचा. पावसाळ्यात गिरणीचं तोंड बघायचं नाही.

त्या वर्षी नवरात्राला मी माल काढला नाही. शिवरात्रीला, फेब्रुवारी २०२३ मध्ये, परत गेले ती ४० पाकिटं घेऊन. भीती पहिल्यापेक्षा जास्त होती, कारण आता ती खरी ठरलेली होती. पाचपैकी तीन दुकानदारांनी माल ठेवून घेतला. दोघांनी नाही म्हटलं, आणि त्यांचा मला राग नाही. टिळकवाडीच्या बाईंना मी एक पाकीट पोचवलं आणि त्यांनी त्याचे पैसे दिले, घेतलेच पाहिजेत म्हणाल्या.

दुकानदार आणि उधारी

एका दुकानदाराने माझी ४० पाकिटं ठेवून घेतली आणि चार महिने ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहिला. दोष निम्मा माझा. मी त्याच्याकडून कागदावर काहीच लिहून घेतलं नव्हतं. आता पहिल्या खेपेला दहाच पाकिटं, तीही रोखीने. तो नको म्हणाला तर पाच ठेवते, पण पावतीवर सही घेते. दुसरी खेप पहिलीचे पैसे आल्यावर. हे बोलताना घसा कोरडा पडतो. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा, मग दुकानात सोपं जातं.

दुकानात पाकीट कुठे ठेवतात याकडे लक्ष द्या. माझं पीठ आधी बेसन आणि मैद्याच्या फळीवर होतं, तिथे ते कुणाला दिसेना. साबुदाणा आणि वरीच्या शेजारी ठेवायला सांगितलं, कारण एकादशीच्या आदल्या दिवशी बाई तिथेच हात घालते. तेवढ्याने फरक पडला.

शिनोळीचं म्हणाल तर, ती आम्हाला सायकलवर जाता येईल इतकी जवळ, आणि तरी दुसरं राज्य. कर्नाटकातून महाराष्ट्रात विक्रीसाठी माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी नवरात्रासाठी २०० पाकिटं मागितली, तेव्हा मला हे कळलं आणि ती मागणी मी सोडून दिली. वर्षभराने, तिकडून पक्की मागणी दोनदा आल्यावर, नोंदणी केली. नोंदणीला फी नाही, पण नंतर वेळेवर विवरणपत्रं भरावी लागतात आणि ती भरून देणाऱ्याचे पैसे मोजावे लागतात. ते पाकिटाच्या किमतीत बसतात का, हे आधी बघा.

कुणी नक्कल करेल, ही भीती पुष्कळ जणी सांगतात. केली. शेजारच्या गावातून तसंच पाकीट आलं, पाच रुपयांनी स्वस्त. दोन दिवस माझ्या पोटात कालवलं. नंतर पाहिलं तर दोन्ही पाकिटं शेजारी ठेवल्यावर लोक हे पीठ काय आहे असं विचारेनासे झाले होते, कुठलं घेऊ असं विचारत होते.

यंदा बांधाकडेच्या चार सऱ्यांत मी भू सोना लावलंय. हे तिरुअनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेचं केशरी गराचं वाण आहे. पीठ केशरी झालं तर उपवासाला लोक ते घेतील का, रंग घातलाय असं तर वाटणार नाही ना, हे मनात येतंच. वहीत डावीकडे पाच ओळी झाल्यात. उजवीकडे तिघींपुढे आकडे आहेत. एकीपुढे ‘माहीत नाही’ आहे, वाळवताना हा रंग किती टिकतो ते. त्यासाठी गुरुवारी धारवाडच्या कृषी विद्यापीठात जाऊन विचारणार आहे. पाचवीपुढे काही लिहिलेलं नाही, म्हणून पहिली २० पाकिटं शनिवारच्या बाजारातच नेईन, मावशीच्या शेजारी.